भाडेकरूंचं अंतराळयुद्ध

२०२५ साली आमच्या अपार्टमेंटच्या गणपतीपुढे देखावा झाला नाही. झेंडूच्या माळा, दोन समया आणि मागे पडदा म्हणून आमच्या सौभाग्यवतींची जुनी पैठणी, एवढ्यावर दहा दिवस निभावले. "वर्गणी कमी पडली का हो?" असं येणारा-जाणारा विचारायचा. मी खजिनदार असल्यामुळे (बँकेत नोकरी करणाऱ्याला दुसरं पद कुणी देतच नाही) तो प्रश्न मलाच झोंबायचा. वर्गणी भरपूर होती. कमी पडलं ते शहाणपण. आणि ते ज्या दोन यानांनी पळवून नेलं, त्यांतलं एकही सदाशिव पेठेवरून कधी गेलेलं नाही.

झालं असं की, जुलैत पार्किंगमध्ये सभा भरली आणि तरुण मंडळींनी विषय सुचवला, 'अंतराळ'. सगळ्यांनी माना डोलावल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, त्या वर्षी पुण्यातले कितीतरी गणपती चंद्रावर जाऊन बसले होते. तेव्हा ज्येष्ठांना वाटलं, तसंच काहीतरी असेल. पुठ्ठा आणायचा ठराव झाला, कारण थर्माकोलवर २०१८ पासून बंदी. पुठ्ठा आला. आणि मग कळलं की, पुठ्ठ्याचं यान कुठलं करायचं यावर एकमत नाही.

आमच्या चिरंजीवांना 'स्टार ट्रेक'मधलं एंटरप्राइझ हवं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या चिरंजीवांना 'स्टार वॉर्स'मधलं मिलेनियम फाल्कन हवं होतं. ही दोन मुलं बालवर्गापासून एका रिक्षातून शाळेत गेलेली. एकाच्या घरी वरण शिजलं तर दुसरा आमटी कुठे आहे ते बघायला जायचा. दुसऱ्या मजल्याचा बाप आणि मी जुन्या वाड्यात एकत्र वाढलो. वाड्यात टीव्ही एकच होता, मालकांचा. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. इंग्रजी कळत नसे. पण कानांना टोक असलेला एक गृहस्थ कधीच चिडत नाही, एवढं कळायचं. वाड्यात असा माणूस आम्ही पाहिलेला नसल्यामुळे तो परग्रहावरचाच असणार, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती.

तर सभेत भांडण लागलं. मी इतिवृत्त लिहीत होतो, म्हणून सांगू शकतो. पहिल्या पक्षाचं म्हणणं, आमच्यात शास्त्र आहे, तुमच्यात नुसत्या तलवारी. दुसऱ्याचं म्हणणं, आमच्यात कथा आहे, तुमच्यात नुसत्या मीटिंगा. पहिला म्हणाला, तुमचा हान सोलो 'केसेल रन' बारा पार्सेकांच्या आत केला म्हणून शेखी मिरवतो, पण पार्सेक हे अंतराचं माप आहे, वेळेचं नव्हे. एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं. मी कोथरूड दोन किलोमीटरांत गाठलं म्हणण्यासारखं झालं! त्यावर दुसरा म्हणाला, बरोबरच आहे, तो जवळच्या वाटेनं गेला. (हे मला पटलं. लक्ष्मी रोड टाळून बोळाबोळांतून जाणाऱ्याला अंतराचाच अभिमान असतो. त्या एका वाक्याचा खुलासा करायला मालक मंडळींनी १९७७ सालच्या चुकीसाठी २०१८ साली अख्खा सिनेमा खर्ची घातला, हे मला नंतर कळलं.) मग दुसऱ्यानं उलट तोफ डागली : तुमची माणसं चमचम करून ग्रहावर उतरतात, ते कुठलं शास्त्र? हाही वार खरा होता. दर आठवड्याला अख्खं यान ग्रहावर उतरवून दाखवणं निर्मात्यांना परवडेना, म्हणून ती चमचम काढली. हिशेबनीस म्हणून मला हे फार आवडलं. काटकसरीतून निघालेला एवढा सुंदर चमत्कार दुसरा नाही.

पहिल्या मजल्यावरचे आजोबा इतका वेळ गप्प होते. त्यांनी एकच विचारलं, "कर्क म्हणजे रास का?" सभा तिथेच बरखास्त झाली असती तर बरं झालं असतं.

आता वाचकहो, माझा तुलनेला विरोध नाही. तुलना हा तर माझा पोटापाण्याचा धंदा. या बाजूचा आकडा त्या बाजूशी जुळवल्याशिवाय मला संध्याकाळी घरी सोडत नाहीत. मीही रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या दोन्ही खाती ताडून पाहिली. 'स्टार ट्रेक' म्हणजे ऑफिस. कॅप्टन रोजच्या रोज नोंदवही लिहितो, हुद्देवार बसायच्या जागा आहेत, आणि दुसऱ्या संस्कृतीच्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही असं एक सर्वोच्च परिपत्रक आहे, जे कॅप्टन साहेब स्वतःच वारंवार मोडतात. अगदी आमची शाखा. फक्त त्यांच्या राज्यात पैसा वापरात नाही म्हणतात, तेव्हा माझं तिथे काही काम नाही. उलट 'स्टार वॉर्स'मध्ये माझ्यासारख्याला भरपूर वाव. हान सोलो हा मूळचा थकबाकीदार. जब्बाचं देणं थकवून पळालेला. १९८० सालच्या सिनेमात वसुली झाली ती अशी की, कर्जदाराला गोठवून त्याची लादी केली, आणि पुढच्या सिनेमात सावकारानं ती दिवाणखान्यात भिंतीवर लावली. आम्ही फार तर थकबाकीदाराचा फोटो वर्तमानपत्रात छापतो.

अशी तुलना करण्यात मजा आहे. दोन्हीकडचं थोडं थोडं आपल्या ताटात पडतं. पण सभेत चाललं होतं ते हे नव्हे. मला खटकला तो शब्द, 'आमच्यात'. आमच्यात शास्त्र, तुमच्यात तलवारी. अरे, आमच्यात म्हणजे कुणाच्यात? सातबारा कुणाच्या नावावर आहे?

इथे मला आमचा वाडा आठवतो. सकाळी सहा ते आठ नळाला पाणी. सोळा बिऱ्हाडं, नळ एक. माझी आजी आणि दुसऱ्या मजल्याच्या बापाची आजी, यांच्यात कुणाची घागर आधी लागली होती यावरून जो अबोला झाला तो अकरा वर्षं टिकला. दोन्ही बाजूंना पाठीराखे होते. "आमच्या बाजूचा नळ", "आमचा जिना", "आमची मोरी", असं सगळं जोरात चालायचं. एवढ्या अवधीत मालक शांतपणे वरच्या माडीवर बसून बिल्डरशी बोलणी करत होते. वाडा पडला तेव्हा दोन्ही आज्या एकाच ट्रकमध्ये, एकाच गादीवर बसून तात्पुरत्या जागेत गेल्या. नळाचं काय झालं हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

चाहते मंडळी, तुमचं याहून निराळं काय आहे? 'स्टार वॉर्स'चे मूळ मालक जॉर्ज लुकस. त्यांनी २०१२ साली वाडा डिस्नेला विकला, ४०५ कोटी डॉलरना. तुम्हाला विचारलं होतं? 'स्टार ट्रेक'चा वाडा पॅरामाउंटचा, आणि त्या कंपनीचीच मालकी २०२५ च्या ऑगस्टमध्ये बदलली. म्हणजे आमच्या पार्किंगमध्ये पुठ्ठ्यावरून हातघाई चालली होती, त्याच महिन्यात तिकडे मालक बदलला आणि भाडेकरूंना पत्ता नाही! एवढंच नाही. २००९ साली 'स्टार ट्रेक'ची डागडुजी करून नवा सिनेमा काढला जे. जे. एब्रम्स यांनी, आणि २०१५ साली 'स्टार वॉर्स'चा नवा सिनेमा काढला तोही त्यांनीच. दोन्ही वाड्यांना गवंडी एक. तो इकडची थापी तिकडे घेऊन गेला, आणि तुम्ही नळावर घागरी आपटताय.

हे मी सभेत बोलून दाखवलं. दोन्ही चिरंजीवांचं पहिल्यांदा एकमत झालं : "काकांना यातलं काही कळत नाही." (माझा चिरंजीवही रागावला की मला काका म्हणतो.)

आजोबांना मात्र कळलं. ते म्हणाले, "आमच्या वडिलांच्या वेळी हेच बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्यावरून." मग त्यांनी ८ जुलै १९२१ ची गोष्ट सांगितली. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन कंपन्या, दोन नटसम्राट, एक रंगमंच. लोकांनी वाटेल ते पैसे मोजून तिकिटं घेतली. दोघं एकमेकांना सांभाळून गायले, फंडाला पैसे मिळाले, आणि प्रेक्षक बाहेर पडले ते, आपलाच कसा जिंकला, हे सांगत. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले, तरी वाद संपला नाही. "आमचे वडील पन्नास वर्षं केशवरावांच्या बाजूनं भांडले," आजोबा म्हणाले, "आणि त्यांनी ते नाटक पाहिलं नव्हतं."

ही खरी मेख आहे. चौकशी केल्यावर उघड झालं की, आमच्या चिरंजीवांनी 'स्टार वॉर्स'चा एकही सिनेमा पूर्ण पाहिलेला नाही. आणि दुसऱ्या मजल्यानं १९६६ ते १९६९ मधल्या मूळ 'स्टार ट्रेक'च्या ७९ भागांपैकी पाहिला होता एक, तोही जेवताना. बँकेत मोठ्या रकमेच्या व्हाउचरवर दोन सह्या लागतात. इथे एका सहीवर निकाल लागत होते.

शेवटी मी एक सूचना मांडली. डॉ. जयंत नारळीकर त्याच वर्षी २० मे रोजी पुण्यात गेले. हा माणूस आमच्या पार्किंगपासून पाच-सहा किलोमीटरांवर 'आयुका' उभारून बसला होता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली आणि पहिला नंबर काढला. आपलं नाव पाहून परीक्षकांनी मार्क देऊ नयेत म्हणून. त्यांची 'उजव्या सोंडेचा गणपती' नावाची गोष्ट आहे. त्यात डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते, आणि ती कशी होते त्यामागे पट्टीला पीळ देण्याचं अस्सल गणित आहे. म्हटलं, गणपतीपुढे गणपतीचाच अंतराळ-देखावा! यानही नको, मालकही नको.

सूचना फेटाळली गेली. ज्येष्ठ म्हणाले, उजव्या सोंडेचा गणपती कडक असतो, त्याचं सोवळंओवळं कोण सांभाळणार? तरुण म्हणाले, त्यात ॲक्शन नाही. दोघांपैकी गोष्ट कुणी वाचली होती? पुन्हा एका सहीचा व्यवहार. अर्थात मी तरी कुठे फार शहाणा! मीही ती शाळेत वाचलेली. पुस्तक वाचनालयाचं होतं आणि परत करायला मी उशीर केला होता, हेच जास्त लक्षात आहे.

आणखी एक लक्षात आहे. नारळीकर मुलांना नुसती सही देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, असं सांगत. ते ऐकून दुसऱ्या मजल्याचा बाप आणि मी, तेव्हा बारा-तेरा वर्षांचे, पंधरा पैशांचं एक कार्ड भागीदारीत आणलं होतं. प्रश्न कोणता विचारायचा यावरून आमचं भांडण झालं. त्याला कृष्णविवराचा हवा होता, मला धूमकेतूचा. कार्ड कोरंच राहिलं.

पुठ्ठा माळ्यावर गेला. एंटरप्राइझची तबकडी आणि फाल्कनचा अर्धा भाग एकावर एक ठेवलेत; काळोखात पाहिलं तर एकच यान वाटतं. खर्च मी 'किरकोळ' खाली टाकला. विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्याचे चिरंजीव शिकायला बंगलोरला गेले. खाली रिक्षा आली तेव्हा आमचे चिरंजीव गॅलरीत होते. हात कुणीच हलवला नाही. दुसऱ्या मजल्याचा बाप रिक्षात बॅगा ठेवताना एकदा वर माझ्याकडे बघून हसला, ते हसू मला अजून पचलेलं नाही.

दिवाळीत माळा साफ करताना ते कोरं कार्ड एका वहीत सापडलं. मी चिरंजीवांना दाखवलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, खोलीत नेलं आणि अर्ध्या तासानं बाहेर आणलं. बंगलोरच्या हॉस्टेलचा पत्ता होता, आणि मजकूर एका ओळीचा : बारा पार्सेकांचं मला अजून पटलेलं नाही.

मी म्हटलं, "अरे, आता कार्ड पन्नास पैशांचं आहे. पस्तीस पैशांचं तिकीट लाव, नाहीतर बैरंग जाईल. दंड त्याला भरावा लागेल."

"भरू दे," चिरंजीव म्हणाले.