नोटीस चिकटवली, डिपॉझिट कोण देणार?

पावसाळा तोंडावर आला की भिवंडीत धोकादायक इमारतींची यादी निघते. दारावर नोटीस चिकटते, वीज-पाणी तोडण्याची तंबी मिळते आणि माणसं तिथेच राहतात. इमारत पडली की आपणच विचारतो, ‘नोटीस दिली होती ना, मग सोडली का नाही?’ या प्रश्नाची मला चीड येते.

21 सप्टेंबर 2020 ला पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. जवळपास 40 माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. त्याआधी 2017 मध्ये भेंडी बाजारातली हुसैनी, 2013 मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला 74 बळी. नोटिशीने घर सुटत नाही, कारण नव्या खोलीसाठी डिपॉझिट एकरकमी लागतं, वर दलालाचा एक महिना. बारा तास लूम चालवणारा ते कुठून आणणार? लांब गेला तर पाळी चुकते, मुलांची शाळा सुटते. आणि दुसऱ्या वस्तीत नाव ऐकूनच खोली ‘आत्ताच दिली’ असते.

हा भेदभाव खरा आहे, पण त्याच्याआड आपल्या मालकांना लपू देऊ नका. पिलरला तडे गेलेल्या इमारतीचं भाडं दर महिन्याला गोळा करणारा बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो, जुम्म्याला पहिल्या सफमध्ये. पावती मागितली की खोली खाली करायला सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लेखी, नोंदणीकृत करार करणं ही मालकाची जबाबदारी आहे. करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात; मालकाला 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्या मोहल्ल्यात हे किती जणांना ठाऊक आहे?

‘हे सरकारचं काम आहे.’ आहेच. खाली केलेल्या कुटुंबाला पर्यायी जागा आणि तिथल्या ताब्याचा लेखी पुरावा पालिकेकडून मागत राहायलाच हवं. पण जुलै थांबत नाही. रमजानमध्ये आपण रेशन किट वाटतो, फोटो काढतो (फोटो मात्र न चुकता). डिपॉझिटसाठी कर्ज-ए-हसनाचा फंड मात्र क्वचितच कुणी काढतो. खरं तर डिपॉझिट ही परत येणारी रक्कम आहे. करारातच लिहून घ्या की घर सोडताना मालक ती थेट फंडाला देईल. तेच पैसे पुढच्या कुटुंबाला जातील. ‘बुडतील’ म्हणणाऱ्यांनी आपण लग्नाच्या हॉलवर काय उडवतो तेही मोजावं.

दोस्तांनो, पालिकेची यादी मिळवा आणि त्यात आपल्या गल्लीतल्या इमारती शोधा. दार ठोठावून दोनच गोष्टी विचारा: करार आहे का, आणि निघायला किती रुपये कमी पडतात. तो आकडा घेऊन मशिदीच्या ट्रस्टींकडे जा, मेच्या आत.