झिजलेलं पातं

परवा पुण्याहून आत्याचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "अगं, तू चाकू जमवतेस म्हणे? घरात मुलं आहेत ना?" तिच्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला रामपुरी आला असणार! तेव्हा आत्या, हे खास तुझ्यासाठी. आणि थोडं माझ्यासाठीही, कारण एक गोष्ट बरीच वर्षं सांगायची राहून गेली आहे.

मी जमवते ते 'बार्लो' नावाचे, मिटून खिशात ठेवायचे जुने चाकू. मिटले की बोटभर लांब. हाडाची मूठ, एक नाहीतर दोन पाती. ओळखायची खूण म्हणजे मुठीच्या ज्या टोकाला पातं फिरतं, तिथं लोखंडाचा लांब पट्टा असतो, मुठीचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापणारा. त्याला बोल्स्टर म्हणतात. सगळा जोर येतो तो त्या सांध्यावर. तेवढा भक्कम केला की बाकीचं स्वस्तातलं चालतं. मुठीचं हाड तर बऱ्याचदा करवतीचे वण तसेच ठेवून बसवलेलं असतं. पकडायला ते उलट बरंच.

मूळ हा चाकू इंग्लंडमधल्या शेफील्डचा. अमेरिकेत आला आणि पोरांचा झाला. मार्क ट्वेनच्या १८७६ सालच्या 'टॉम सॉयर'मध्ये बायबलमधल्या ओळी पाठ केल्याबद्दल मावसबहीण मेरी टॉमला नवा कोरा बार्लो देते. किंमत साडेबारा सेंट! त्यानं धड काही कापलं जात नाही, पण टॉमचा आनंद काही कमी होत नाही. आम्ही राहतो त्या पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्येच, कनेक्टिकट नदीकाठी टर्नर्स फॉल्स नावाचं गाव आहे. जॉन रसेलचा सुऱ्यांचा कारखाना १८७० मध्ये ग्रीनफील्डहून तिथं आला. या रसेलच्या बार्लोवर, बोल्स्टरवर, बाणानं छेदलेलं 'आर' अक्षर असतं. ते दिसलं की आमच्यासारख्या वेड्यांचा जीव वरखाली होतो.

आता माझं भांडण सांगते. या छंदात सगळ्यात जास्त मान (आणि पैसा) मिळतो तो 'मिंट' चाकवाला. म्हणजे शंभर वर्षं ज्यानं पेन्सिलसुद्धा तासली नाही असा. त्यालाही माझी ना नाही. कारखान्यातून चाकू कसा बाहेर पडत होता हे अशा नगांमुळेच कळतं. पण त्या किमतीपायी लोक वापरलेले चाकू यंत्रावर घासून चकचकीत करतात, त्याचा मला राग येतो. पातं पातळ होतं, शिक्का पुसला जातो, करवतीचे वण गुळगुळीत होतात. वर 'उत्तम स्थितीत' अशी चिठ्ठी!

हा राग मुळात स्वतःवरचा आहे.

शेजारी एक आजोबा राहायचे. मला चाकवांचा नाद आहे हे कळल्यावर त्यांनी एकदा त्यांचा बार्लो आणून दिला. त्यांच्या वडिलांचा. "उघडायला जड जातो, जरा तेल घालून देशील?" एवढंच म्हणाले होते. मी नवीन नवीन शिकलेली, हौस दांडगी. वाटलं, आजोबांना चकित करू. अख्खी दुपार फिरत्या चाकावर घासून आरशासारखा चकचकीत केला आणि मोठ्या ऐटीत नेऊन दिला. त्यांनी हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, खिडकीपाशी नेऊन बोल्स्टर उजेडात धरला. मग "छान झालाय, थँक यू" म्हणाले.

तिथं त्यांच्या वडिलांनी खिळ्यानं कोरलेली दोन अक्षरं होती. हे मला पुढं त्यांच्या मुलीनं सांगितलं, आजोबा गेल्यावर. चाकूही तिनंच मला दिला. आजोबा शेवटपर्यंत चकार शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी एकही चाकू घासलेला नाही. जुन्या कार्बन स्टीलला फळांच्या रसानं, हाताच्या घामानं निळसर करडी छटा येते. ती घाण नव्हे, राहू द्यावी. त्या थरानं पात्याचं थोडंफार रक्षणच होतं. लाल गंज मात्र खरा शत्रू. तो मऊ फडक्यानं आणि तेलानं हळूहळू काढावा. सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा, पातं दहा वेळा उघडावं-मिटावं, आणि थांबावं. हे थांबणंच सगळ्यात अवघड.

आत्या, आजीची विळी आठवते? धारवाल्याच्या सायकलच्या चाकावर वर्षानुवर्षं घासून तिचं पातं पार निम्मं राहिलं होतं. माझ्या लेखी ते निम्मं पातं म्हणजे आजीच्या हातच्या हजारो भाज्यांचा हिशोब आहे. पुसायचा हक्क कुणाला आहे? त्यामुळे आता मी मुद्दाम झिजलेलेच चाकू शोधते. स्वस्तही पडतात, हा एक फायदा!

असो. मुलांची काळजी करू नकोस, चाकू कुलपात असतात. आजोबांचा तेवढा माझ्या टेबलावर असतो. अजून तसाच चकचकतो, आणि दर वेळी नजर बोल्स्टरवरच जाते.

आणि हो, ती विळी माळ्यावर असेल तर भंगारवाल्याला देऊ नकोस. डिसेंबरमध्ये येतेय, मी घेऊन जाईन. घासूबिसू मात्र नकोस!