आरोग्यविचार : कामसाधनांची निवड आणि निगा

लोणचें चिनी मातीच्या बरणींतच कां मुरवावें आणि कल्हई गेलेल्या पितळी भांड्यांत ताक कां ठेवूं नये, हें आपल्या घरांतील मुलींना कोणी पुस्तकांतून शिकवीत नाहीं. भांडें कशाचें आहे व त्यांत काय पडणार आहे, यांचा मेळ पाहण्याची दृष्टि त्यांना घरींच येते. परंतु शरीराच्या अत्यंत नाजुक त्वचेला लागणारी वस्तु घेतांना मात्र हीच सुशिक्षित मंडळी, ती कशाची केली आहे हें न विचारतां, घाईघाईनें व लपूनछपून घेतात. ‘सेक्स टॉय’ या नांवानें विकल्या जाणाऱ्या कामसाधनांविषयीं आम्ही हें लिहीत आहों. तीं वापरावीं कीं न वापरावीं, हा प्रौढ स्त्रीपुरुषांचा खासगी प्रश्न आहे. त्याचा निवाडा करण्यास आम्ही बसलों नाहीं. जे वापरतात त्यांनीं तीं डोळसपणें वापरावीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

‘खेळणें’ या नांवामुळें कित्येकांस असें वाटतें कीं, त्यावर कोणाची तरी देखरेख असेलच. वस्तुस्थिति निराळी आहे. आपल्या देशांत १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह सक्तीचें झालें, तें १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर. युरोपीय संघानें २००५ सालीं तीन थॅलेटांचें प्रमाण वजनाच्या ०.१ टक्क्यापर्यंत मर्यादित केलें, तेंही मुलांच्याच खेळण्यांत व शिशुवस्तूंत. थॅलेट हें पीव्हीसी प्लॅस्टिक मऊ करण्यासाठीं घालतात तें द्रव्य. त्याचे कांहीं प्रकार प्रजननसंस्थेस अपायकारक आहेत. मोठ्यांच्या साधनांसाठीं ‘आयएसओ ३५३३’ हें आंतरराष्ट्रीय मानक २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें खरें. पण असें मानक पाळणें मुळांत उत्पादकाच्या इच्छेवर असतें. तेव्हां पारख करण्याचें काम बहुतांशीं घेणाऱ्यावरच येऊन पडतें.

ही पारख कठीण नाहीं. मऊ प्लॅस्टिकच्या डब्यांत आमटी ठेवली तर कितीही घांसलें तरी हळदीचा डाग व मसाल्याचा वास मागें राहतो. स्टीलच्या वाटीला राहत नाहीं. येथेंही तोच न्याय लागतो. शुद्ध सिलिकोन, स्टेनलेस स्टील, बोरोसिलिकेट कांच व एबीएस हें कठीण प्लॅस्टिक यांस सूक्ष्म छिद्रें नसल्यानें तीं नीट स्वच्छ होतात. ‘जेली’ म्हणून विकला जाणारा लिबलिबीत पदार्थ व टीपीई हे सच्छिद्र असतात. त्यांत जंतु घर करून राहूं शकतात. उग्र वास येणारी, हाताला तेलकट लागणारी, अथवा कशाची केली आहे हें वेष्टनावर न छापलेली वस्तु घेऊंच नये. कांचेच्या वस्तूस टवका उडाला असेल तर ती तत्काळ टाकून द्यावी.

प्रत्येक वापरापूर्वीं व वापरानंतर साधन सौम्य साबण व कोमट पाण्यानें धुवावें, पूर्ण वाळवावें आणि स्वच्छ सुती पिशवींत, मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा कुलपाच्या खणांत ठेवावें. ज्यांत यंत्र नाहीं असें निव्वळ सिलिकोनचें वा स्टीलचें साधन कांहीं मिनिटें उकळतांही येतें. विजेरीचें साधन उकळूं नये व चार्जिंग चालू असतां वापरूं नये. विजेरी फुगली असल्यास तें बाद करावें. एकाचें साधन दुसऱ्यानें वापरूं नये. अमेरिकेंत २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा पाहणींत, धुतल्यानंतर २४ तासांनींही कांहीं साधनांवर एचपीव्ही या विषाणूचा अंश आढळला होता. याच विषाणूचे कांहीं प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होतात. जोडप्यानें एकच साधन वापरावयाचें तर दर वेळीं त्यावर नवा कंडोम चढवावा. गुदमार्गांत वापरलेलें साधन न धुतां योनिमार्गास लावूं नये. त्यानें योनीस व मूत्रमार्गास जंतुसंसर्ग होतो.

वंगणाविषयीं एक चूक आपल्याकडे वारंवार होते. खोबरेल तेल घरांत असतेंच, म्हणून तेंच घेतात. पण कोणत्याही तेलानें लॅटेक्सचा कंडोम कमजोर होऊन फाटतो. सिलिकोनच्या वंगणानें सिलिकोनचें साधन खराब होऊं शकतें. पाण्यांत विरघळणारें वंगण बहुतेक सर्वांस चालतें. त्वचा बधिर करणारीं मलमें मात्र वर्ज्य समजावीं. वेदना ही शरीराची सूचना आहे. ती दाबून टाकली तर इजा कळणार कशी? मधुमेहानें ज्यांची संवेदना मंद झाली आहे, अथवा जे रक्त पातळ करणारीं औषधें घेतात, त्यांनीं विशेष जपावें. पुरुषांनीं वापरावयाचें कडें लवचिक, चटकन् निघणारें असावें व अर्ध्या तासाहून अधिक वेळ ठेवूं नये.

सर्वांत गंभीर अपघात मात्र निराळाच आहे. गुदमार्गास योनीसारखा जवळ शेवट नाहीं. तेथील स्नायु वस्तु आंत ओढून घेतात. म्हणून तेथें वापरावयाच्या साधनाचें बूड पसरट असलेंच पाहिजे, आणि बाटली, मेणबत्ती यांसारख्या घरगुती वस्तु तर कदापि वापरूं नयेत. तरीही वस्तु अडकली तर चिमट्यानें ओढूं नये, जुलाब घेऊं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. पोटांत दुखणें, ताप वा रक्तस्राव असेल तर आंतड्यास छिद्र पडलें असण्याचा संभव असतो, व तेव्हां क्षणाचाही विलंब नको. पुष्कळदां लवकर गेलें असतां जें काम पोट न उघडतां होतें, तेंच लाजेपायीं दोन दिवस काढल्यावर मोठ्या शस्त्रक्रियेवर जातें, प्रसंगीं प्राणावरही बेततें. रुग्णाची गोष्ट गुप्त राखणें हें वैद्याचें कर्तव्यच आहे, आणि असे रुग्ण शल्यविशारदांस नवे नसतात.

आपल्या भरल्या घरांत या विषयावर दिवाणखान्यांत चर्चा होणार नाहीं, व ती व्हावी असें आम्हीही म्हणत नाहीं. परंतु पतीनें पत्नीस व पत्नीनें पतीस यांतील दुखणेंखुपणें निःसंकोच सांगावें, आणि घरांतील कोणी रात्रीं अपरात्रीं ‘मला डॉक्टरकडे न्या, कारण विचारूं नका’ असें म्हणेल, तर वडीलधाऱ्यांनीं खरोखरच कारण न विचारतां गाडी काढावी. खासगीपणा राखणें हा प्रत्येकाचा अधिकार आहे. दुखणें लपविण्याची पाळी मात्र घरांत कोणावरही येऊं नये.