रक्तात नाही, तब्येतीत बघा

“बापाचं रक्तच तसं, पोरगंही पिणारच!” वस्तीत हे सहज बोललं जातं. इंग्रज जीवशास्त्रज्ञ रूपर्ट शेल्ड्रेक यांनी १९८१ साली याहून मोठा दावा केला: प्राण्यांच्या सवयी निसर्गाच्या सामायिक स्मृतीतून पुढच्या पिढ्यांना मिळतात.

पुरावा म्हणून त्यांनी उंदरांचे जुने प्रयोग दाखवले. अमेरिकेत मॅकडुगल यांनी उंदरांना पाण्याच्या टाकीतून सुटायची योग्य वाट शिकवली. पुढच्या पिढ्या कमी चुकू लागल्या. मेलबर्नमध्ये एगर यांनी तेच करून पाहिलं, पण न शिकवलेल्या उंदरांचा वंशही सोबत ठेवला. तोही सुधारला. शेल्ड्रेक म्हणाले, हीच ती स्मृती! पण पुढे दोन्ही वंशांच्या चुका पुन्हा वाढल्या. साठत जाणारी स्मृती अशी घसरेल कशी? एगर यांना हे चढउतार उंदरांच्या तब्येतीशी जुळलेले दिसले.

आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या “तुमचं रक्तच तसं” हेच ऐकवलं गेलं. आता तेच आपण लेकरांना ऐकवू नये. व्यसनाचा धोका काही घरांत जास्त असतो, हे खरं. पण धोका म्हणजे नशीब नव्हे. पोराला पोटभर जेवण, पुरेशी झोप द्या. आणि बाप पीत असेल, तर आधी त्याला दवाखान्यात न्या.