एका नाण्यावर दोन राजे

बालमित्रांनो, मारेगावच्या एका वाचकमित्राचं पत्र आलंय. आजीच्या पेटीत त्याला व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया सापडला. तो विचारतो, "नाण्यावर डोकं छापायची पद्धत इंग्रजांनी आणली का? आणि रुपया चिंचेनं घासून चकचकीत करू का?"

इंग्रजांनी? छे! आपल्याकडे ती आणली ग्रीकांनी, दोन हजार वर्षांहून आधी. त्यापूर्वीच्या आपल्या 'आहत' नाण्यांवर सूर्य, डोंगर, झाड अशी चिन्हं ठोकलेली असत. चेहरा नाही की नाव नाही. वायव्येकडच्या ग्रीक राजांनी दोन्ही आणलं. त्यांच्यातला मिनँडर म्हणजे पाली ग्रंथातला मिलिंद राजा. त्याची नाणी तो गेल्यावरही भडोचच्या बाजारात चालत होती.

मग पश्चिम महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या नहपान क्षत्रपानं तोच कित्ता गिरवला. चांदीचं छोटंसं नाणं, एका बाजूला राजाचं डोकं आणि भोवती ग्रीक अक्षरं. पण गंमत अशी, की अक्षरं ग्रीक असली तरी भाषा प्राकृत, आपल्या मराठीची पूर्वज! दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि तोच मजकूर ब्राह्मी व खरोष्ठीत. एवढ्याशा नाण्यावर तीन लिप्या!

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी अशा नाण्यांचा मोठा साठा निघाला. सुमारे १३,२५० नाणी! नाव सगळीकडे नहपानाचं, चेहरे मात्र वेगवेगळे. (ते का, यावर विद्वान अजून वाद घालतात.) त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर आणखी एक ठसा होता, तीन कमानींच्या टेकडीचा. तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. नाशिकच्या लेण्यात त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलानं क्षहरात घराणं नामशेष केलं, असं ती सांगते. नहपान क्षहरातच. आईनं मुलाचं कौतुक जरा जास्तच केलं असेल, असं कुणी म्हणालं असतं. पण नाणी साक्षीला आली! चांदी आटवून नवी नाणी पाडली असती, तर ही साक्ष कुठून मिळाली असती?

आणि पुढे सातवाहनांनीही चांदीच्या नाण्यांवर आपले चेहरे छापलेच की!

आता चिंच. अजिबात नको! घासलं की नाण्याची बारीक अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ कापडात गुंडाळून ठेव. शेतात पुरलेली जुनी नाणी सापडली तर मात्र सोनाराकडे न नेता सरकारला कळवायची. १८७८ पासून तसा कायदाच आहे.

रुपयावरचं साल लिहायला विसरलास बघ. पुढच्या पत्रात कळव.