ग्रंथ सिद्धीस कोण नेतो?

स्फूर्ति झाली म्हणजे ग्रंथ झाला, असें नव्हे. 1888 सालीं पक्षाघातानें उजवा हात निकामी झाल्यावर जोतीराव फुले यांनीं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' डाव्या हातानें लिहिलें. तें छापून निघालें 1891 सालीं, त्यांच्या पश्चात्. डॉ. केतकरांनीं ज्ञानकोशासाठीं कंपनी काढिली, भाग विकले, हिंडून ग्राहक मिळविले. तेव्हां 23 खंड उभे राहिले. कागद, छपाई व बांधणी यांस रोकड लागते, हें व्यापाऱ्यांस सांगावयास नको. आज जुन्नर तालुक्यांतील पिंपरी पेंढारसारख्या गांवीं कोणा शेतकऱ्याचें हस्तलिखित पेटींत कुजलें, तर तो दोष प्रतिभेचा नव्हे, समाजाच्या आखडत्या हाताचा होय. सत्काराच्या शाली मागाहून द्याव्या. आधीं दहा प्रतींचे पैसे आगाऊ द्यावे, असें आमचें सांगणें आहे.