चिल्लर आणि मत

अमेरिकेतल्या ल्युथरन पंथाच्या ख्रिस्ती बायकांची १९४२ साली स्थापन झालेली संघटना आजही घराघरातल्या छोट्या डब्यांवर चालते. वर चीर, आत सुटी नाणी. दर दोन वर्षांच्या अधिवेशनात हा पैसा कोणत्या कामाला द्यायचा, हे प्रतिनिधी मतदानाने ठरवतात. या पद्धतीचं खरं बळ मला त्या मतदानात दिसतं. चिल्लरीने काय होणार, एखादा मोठा दाता गाठा, असं म्हणणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंचा हिशेब बघावा. १८८७ मध्ये बोस्टनला निघालेल्या रमाबाई असोसिएशनच्या मंडळांत सभासद वर्षाला एक डॉलर असा दहा वर्षांचा शब्द देत, आणि त्या भरवशावर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शाळांसाठीच्या मुष्टिफंडातही दळणाआधी बाजूला काढलेलं मूठभर धान्यच होतं. मोठा दाता एकदा रुसला की काम थांबतं. हजार मुठी एकदम रुसत नाहीत. असा पैसा धर्मप्रसाराला जातो, हा आक्षेप मात्र हलका नाही. त्यावरूनच १८९३ मध्ये रानडे, भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पण तो आक्षेप पैसा कशासाठी वापरला यावर होता, तो कसा जमला यावर नव्हे. म्हणून ही पद्धत आपणही घ्यावी. पाथर्डी तालुक्यातले आईबाप ऊसतोडीला गेले की मुलं आजीजवळ राहतात. तिथल्या बचत गटांनी हप्त्यासोबत पाच रुपये वेगळे काढावेत, आणि ते त्या मुलांच्या वह्यांना द्यायचे की दुधाला, हे बायकांनीच बैठकीत हात वर करून ठरवावं.